अकरा नंबरचं इनपुट

कार्ड सारिकाच्या हातात होतं. त्याच्या सोळाही वायरी सोडवून तिने खाटेच्या कडेला चिकटपट्टीने ओळीत लावून ठेवल्या होत्या आणि जुन्या टूथब्रशने ती कार्डावरची धूळ झाडत होती. तेवढ्यात उशाशी ठेवलेल्या स्पीकरमधून अजित बोलला.

“सारिका, आमटीचा वास मस्त सुटलाय गं आज.”

“सुटणारच. आमसूल जरा जास्त पडलंय,” ती म्हणाली आणि ब्रश मारत राहिली.

सत्तावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला उत्तर द्यायला हातातलं काम थांबवावं लागत नाही. तिचा हात थांबला तो अर्ध्या मिनिटाने. तिने कार्डाकडे पाहिलं, खाटेवर निश्चल पडलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कार्डाकडे पाहिलं. अजितचं बोलणं ज्या एकुलत्या एका वाटेने बाहेर यायचं, ती वाट म्हणजे हे कार्ड होतं. आणि ते एकही वायर न जोडलेलं तिच्या हातात होतं.

मग हे बोललं कोण?

त्याच क्षणी तिला आणखी एक गोष्ट आठवली, जी खरं तर चार महिन्यांपूर्वीच आठवायला हवी होती. अजितच्या घशाला भोक पाडून श्वासाची नळी बसवली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की आता हवा नाकातून जाणार नाही, त्यामुळे ह्यांना वास कळणार नाही. असं असताना हा माणूस एप्रिलपासून तिच्या आमटीचं, उदबत्तीचं, धुतलेल्या चादरींचं कौतुक करत होता. आणि ती वेडी खूश होत होती.

तिने ब्रश खाली ठेवला.

अजित मगदूम हा मुळात बोलणारा माणूस. तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात त्याने वीस वर्षं बोली पुकारली. व्यापाऱ्यांच्या गर्दीत मूठभर बेदाणा हवेत उडवून तो भाव असा चढवत न्यायचा, की घेणाऱ्याला खिसा रिकामा झाल्याचं घरी गेल्यावर कळायचं. ह्या माणसाच्या तोंडाला कुलूप लागेल असं कुणी म्हटलं असतं, तर अख्खा सौदा हसला असता. तीन वर्षांपूर्वी त्याच्या हातून चहाचा कप निसटला. मग चप्पल निसटू लागली. मिरजेला दाखवलं, तर मोटर न्यूरॉनचा आजार निघाला.

हा आजार मोठा हिशेबी आहे. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या चेतापेशी तो एकेक करून मारतो. आधी हात, मग पाय, मग जीभ, मग श्वास. विचार मात्र तो शाबूत ठेवतो. कानही ठेवतो. घरात काय चाललंय ते सगळं माणसाला ऐकू येतं, कळतं, आणि करता काहीच येत नाही.

सारिका हातावर हात ठेवून बसणारी बाई नव्हती. कुपवाडच्या एमआयडीसीत बावीस वर्षं ती कारखान्यांची कंट्रोल पॅनल वायर करत आली होती. तिच्या हातचं पॅनल उघडलं की आतल्या वायरी तेल लावून वेणी घातल्यासारख्या दिसतात, असं तिचे साहेबच म्हणायचे. घरातले दिवे-दारं चालवणारा कंट्रोलर होताच, आजकाल कुठल्या घरात नसतो? पण त्याला होते आठ इनपुट आणि आठ आउटपुट. इनपुट म्हणजे घराला कळणं, आउटपुट म्हणजे घराने करणं. दार उघडलं हे कळलं ते इनपुट, दिवा लागला तो आउटपुट. चारचौघांच्या घराला आठ पुरतात. अजितला पुरणार नव्हते, म्हणून तिने एक्स्पांडर जोडले.

एक्स्पांडर म्हणजे तळहाताएवढं एक कार्ड. त्याला सोळा जास्तीचे इनपुट नाहीतर आउटपुट असतात. कंट्रोलर दोन बारीक वायरींवरून प्रत्येक कार्डाला त्याच्या पत्त्याने सेकंदाला शंभरदा हाक मारतो आणि विचारतो, तुझ्याकडे काय खबर? सारिकाने आउटपुटची दोन कार्डं जोडली ती पंखा, पडदे, खाटेचं डोकं वरखाली करणं, टीव्ही अशा कामांसाठी. आणि इनपुटचं एक कार्ड जोडलं ते थेट नवऱ्याला.

स्नायू हलेनासा झाला तरी हलण्याचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचतो, तेव्हा कातडीवर विजेचा एक इवला तरंग उठतो, व्होल्टच्या लाखाव्या हिश्शाएवढा. चिकट चकतीने तो पकडता येतो. सारिकाने अजितच्या अंगावर सोळा जागी सोळा चकत्या लावल्या. अंगठा, पोटरी, खांदा, गाल, भुवई. घर त्याच्यापुढे तीन वाक्यं ठेवायचं, त्यातलं हवं ते तो स्नायू ताणून निवडायचा आणि स्पीकर ते त्याच्याच आवाजात बोलायचा. सौद्याच्या नि घरच्या हजारो फोनांची रेकॉर्डिंग पडून होती, आवाज तिथूनच घेतला. पहिल्या दिवशी स्पीकर म्हणाला, “बाई, ह्या चकत्यांनी मला देवळातला मारुती केलास की गं, जिथं बघावं तिथं शेंदूर!” त्या दिवशी दोघं हसून हसून रडली होती.

मग इनपुट गळू लागले. महिन्याला एक, कधी दोन. डोळ्यांवर लावलेला कॅमेरा काही महिने उपयोगी पडला, मग पापण्याच उचलेनाशा झाल्या. शेवटी भरवशाचं एकच उरलं, अकरा नंबरचं. डाव्या भुवईच्या वरचं. एक ताण म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. आणि चार संथ ताण म्हणजे पुरे.

ही पुरेची खूण अजितनेच ठरवली होती. नांद्र्याच्या त्याच्या आत्याने शहाऐंशीव्या वर्षी अन्नपाणी सोडून समाधिमरण घेतलं होतं. जैन मुनी महाराजांनी तिला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तिने स्वतःच्या तोंडाने मागितलं. लहानग्या अजितच्या मनात ते घट्ट बसलं होतं. नळी बसवायच्या आदल्या दिवशी त्याने घराकडून एकेक वाक्य निवडून घेत सारिकाला सांगितलं, “मी मागीन तेव्हा द्यायचं. श्वासाचं मशिन काढायचं. पण मागितल्याबिगर कुणीही द्यायचं नाही. तूबी न्हाई, डॉक्टरबी न्हाई. कागदबिगद मी लिहून देत नसतो. तोंडानं मागीन.” सारिकाने त्याच्या कपाळावर हात ठेवून शब्द दिला. चार संथ ताण आले की दारावरचा लाल दिवा लागेल, असं तिने त्याच दिवशी जोडून टाकलं.

तो दिवा कधी लागला नाही. ती रोज सकाळी उठून आधी त्याच्याकडे बघायची, आणि तो विझलेला पाहून तिला उभारी यायची. नवऱ्याला अजून जगावंसं वाटतंय, ह्या एका गोष्टीवर ती बाई तीनदा कूस बदलून द्यायची, नळी साफ करायची, नखं कापायची आणि वर गाणीही म्हणायची.

आता चूक कुठे झाली ते सांगतो, आणि ती चूक पॅनलवालीच करू शकते.

कारखान्यात एखादा इनपुट कटकट करू लागला, म्हणजे दार नीट लागलेलं असूनही स्विच ‘दार उघडं’ असं सांगू लागला, की अख्खी लाइन थांबते. साहेब डोक्यावर येऊन उभे राहतात. मग वायरमन काय करतो? दोन टर्मिनलांमध्ये वायरीचा एक तुकडा ठोकतो. त्याला जंपर म्हणतात. बिचाऱ्या यंत्राला वाटतं, सगळं ठीक आहे. लाइन चालू होते. जंपरला ‘तात्पुरता’ अशी चिठ्ठी लावतात, आणि ती चिठ्ठी कितीतरी वर्षं तिथेच पिवळी पडत राहते. कारण दुसरा नियम असा की चालू लाइनचं पॅनल उघडायचं नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी सारिका औषधं आणायला गेली होती. उकाड्याने अजितच्या गालावरची तीन नंबरची चकती सुटली. संशय आला की थांबायचं, ह्या नियमाने घराने सगळ्याच कार्डाचं ऐकणं बंद केलं. त्याने लावलेला पंखाही थांबवला. दोन तासांनी ती आली, तेव्हा तो घामाने निथळत होता आणि त्याच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी वाहत होतं. ती त्याच्या छातीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून तिने कंट्रोलरचं पान उघडलं. तीन नंबरच्या इनपुटखाली एक पर्याय होता, ‘बंद इनपुट अनुमानाने भरा’. म्हणजे जंपरच, जरा शिकलेला. तिने खूण केली. मनात म्हणाली, तात्पुरतं.

खुणेखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही निवड संपूर्ण कार्डाला लागू होते. जिने आयुष्यभर दुसऱ्यांचे नकाशे भिंग लावून वाचले, तिने स्वतःच्या घरातली ती ओळ वाचली नाही.

अनुमान असं चालायचं. घराला अजितची दोन वर्षांची निवडलेली वाक्यं पाठ होती, त्याआधीचे वीस वर्षांचे फोन पाठ होते. स्वयंपाकघरातल्या वाफेच्या इनपुटवरून आमटी उकळली हे त्याला कळायचं. अशा वेळी अजित काय म्हणेल, ह्याचा अंदाज ते बांधायचं आणि बोलून टाकायचं. खऱ्या इनपुटने वेगळं काही सांगितलं, तर ते पडताळायचं की हा माणूस असं पूर्वी कधी बोललाय का? बोलला नसेल तर तो कचरा. विजेचा, घामाचा, सैल चकतीचा कचरा समजून घर तो बाजूच्या फाइलमध्ये टाकून द्यायचं. वर चकती चिकटली की सुटली, ह्याच्याशी त्याला काही देणंघेणं उरलं नव्हतं.

आणि एप्रिलपासून अजित खुलला! पटापट बोलू लागला, थट्टा करू लागला. सगळ्यात मोठं म्हणजे मृणूशी बोलू लागला. मृण्मयी त्यांची एकुलती एक लेक, हॅम्बुर्गला नोकरीला. आजार कळला त्याच महिन्यात तिला तिकडे जायचं होतं. अजित “जा” एवढं एकच म्हणाला आणि त्यानंतर तिच्या एकाही फोनवर तो बोलला नाही, जीभ गेल्यावर वाक्यही निवडलं नाही. ती पोर दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता स्पीकरवर “बाबा, बाबा” करायची आणि खोली गप्प राहायची. घराची निम्मी बटणं तिच्याही फोनवर होती. तिकडे बसून ती इकडचे पडदे उघडायची, पंखा कमी करायची, उंटावरून शेळ्या हाकायची, कारण बापासाठी तेवढंच तिला करता येत होतं. एप्रिलमधल्या त्या रविवारी मात्र स्पीकर म्हणाला, “काय गं मृणू, जेवलीस का?” पलीकडून पाच मिनिटं नुसते हुंदके ऐकू आले. सारिकाला वाटलं, एकदाचं गंगेत घोडं न्हालं.

घराने माफबिफ काही केलेलं नव्हतं. वीस वर्षांच्या लाडाच्या बोलण्यापुढे दोन-अडीच वर्षांचा अबोला पासंगालाही पुरत नव्हता. शिवाय अबोल्याची नोंद तरी कशी होणार?

हे सगळं सारिकाला त्या सकाळी, कार्ड हातात धरून, एका झटक्यात कळलं असं नाही. आधी ती स्वतःवरच चिडली. कुठेतरी दुसरी वायर राहिली असेल म्हणून तिने खाटेखाली वाकून पाहिलं. मग कंट्रोलरचं पान उघडलं. तिथे ‘तीन’च्या पुढे नव्हे, तर एक ते सोळा सगळ्यांपुढे खूण होती.

कचऱ्याची फाइल उघडायला तिला धीर होईना. पण पॅनलवाली होती, उघडल्याशिवाय राहवणारही नव्हतं.

पंधरा इनपुटांच्या रेघा सपाट होत्या. अकराव्यावर काहीतरी होतं. सुरुवातीला एक ताण, दोन ताण, हो, नाही, हो, नाही. म्हणजे घर परस्पर बोलत होतं आणि तो खोडत होता. मग दोन मेला चार ताण. दोन-दोन सेकंदांचे, मधल्या जागा सारख्या. कचरा असा मोजूनमापून येत नाही. पाच मेला पुन्हा चार. सात मेला दिवसातून दोनदा. ती बोटाने मोजत गेली. एकूण एक्केचाळीस वेळा.

प्रत्येक वेळी घर काय बोललं, तेही शेजारी लिहिलेलं होतं. एकोणीस जून, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं. अकरावर चार ताण, आणि स्पीकरवर, “सारिका, पंखा जरा वाढव की.” तिने पंखा वाढवला होता, तिला आठवत होतं. दर एक तारखेला ती शब्द दिल्याप्रमाणे विचारायची, “पुरं वाटतंय का हो?” एक जुलैला तिने विचारलं तेव्हा अकरावर चार ताण होते, आणि लगोलग पुन्हा चार. स्पीकर म्हणाला होता, “मी मागीन की. तुला एवढी कसली घाई?” त्यावर ती हसली होती. त्याच्या गालावर चापट मारून ती शेंगा सोलायला गेली होती.

पुरे हा शब्द अजितने आयुष्यात कधी निवडला नव्हता. म्हणून तो निवडेल असं घराला कधी वाटलंच नाही.

शेवटची नोंद तीन ऑगस्टची होती. ताण इतके क्षीण की रेघ जेमतेम उचललेली. तिसऱ्यापर्यंत आली, चौथा अर्ध्यात गळाला. आज चौदा तारीख.

सारिकाने अनुमान बंद केलं. सोळा वायरी पुन्हा जोडल्या, अकरा नंबरची चकती काढून कातडी पुसली, नवी चकती लावली. मग ती त्याच्या कानाशी वाकली.

“अहो, मला आत्ता कळलं. आत्ता. तुम्ही मागत होता आणि मी ऐकत नव्हते. माझ्या हातनं झालं हो हे. आता मधे कुणी नाही. एकदाच खूण करा. चार नको, एकच करा. मी समजीन.”

पडद्यावरची रेघ सपाट राहिली. तिने दुपारी विचारलं, चारला विचारलं, दिवेलागणीला विचारलं. भुवई जिवंत नव्हती की माणसाने आशा सोडली होती, हे सांगायला त्याच्याकडे आता काहीच उरलं नव्हतं. पण ऐकू येत होतं. डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं असतं की ऐकू येत होतं.

डॉ. शिरगुप्पे दर आठवड्याला मिरजेहून यायचे. भला माणूस. त्यांनी फाइल शेवटपर्यंत पाहिली, चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत बसले.

“ताई, मला पटतंय,” ते म्हणाले. “पण माझ्या पटण्याला कोण विचारतंय?”

चार वर्षांपूर्वी कायदा आला होता. नातेवाईक खोटं बोलतात, घाई करतात, इस्टेटीवर डोळा ठेवतात. यंत्राला असला स्वार्थ नसतो. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची इच्छा म्हणजे त्याच्या घराने नोंदवलेली इच्छा, असं ठरलं होतं. दर महिन्याला डॉक्टर विचारायचे, “उपचार चालू ठेवायचे ना?” आणि मे, जून, जुलै, तिन्ही महिने स्पीकरने ठणकावून सांगितलं होतं, “हो डॉक्टर, एवढ्यात कुठं!” त्यावर शिक्का बसला होता.

“पण ते यंत्र बोलत होतं. कार्ड माझ्या हातात असताना बोललं ते.”

“बरोबर. मग त्या नोंदी रद्द होतील. पण ह्या फाइलला तर घरानंच कचरा म्हटलंय. कचऱ्यावर मी सही कशी करू? एकच मार्ग आहे. आम्ही तिघं डॉक्टर येतो. अनुमान बंद ठेवायचं. ह्यांनी आमच्यासमोर एकदा, फक्त एकदा मागायचं.”

“आणि नाही मागता आलं तर?”

डॉक्टरांनी बॅग उचलली.

गुरुवारी सकाळी तिघं आले. सारिकाने अजितला आंघोळ घातली होती, दाढी केली होती, सौद्याला जाताना घालायचा तो पांढरा सदरा घातला होता. पोरीला बघायला आलेल्यांपुढे आई उभी राहते तशी ती दाराशी उभी राहिली. डॉक्टरांनी स्पष्ट, मोठ्या आवाजात विचारलं. वीस मिनिटं सगळे त्या रेघेकडे बघत होते. रेघेला एकदा किंचित फुगवटा आला आणि सारिका “बघा, बघा!” म्हणून ओरडली. तो शेजारच्या घरातला मिक्सर होता.

कागदावर लिहिलं गेलं: रुग्णाची इच्छा अनिश्चित. उपचार चालू. फेरतपासणी सहा महिन्यांनी.

ते गेल्यावर ती श्वासाच्या मशिनपुढे उभी राहिली. मशिन कसं चालतं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याने मागितलं होतं, एक्केचाळीस वेळा मागितलं होतं, मग कोणाच्या शिक्क्याची वाट बघायची? ती खूप वेळ उभी राहिली. मशिन भात्यासारखं वरखाली होत होतं आणि त्यासोबत अजितची छाती. आपल्या हाताने हे होणार नाही, हे तिला कळलं. त्याची तिला इतकी शरम वाटली की त्या दिवशी पहिल्यांदाच ती त्याच्याशी एक शब्दही न बोलता त्याची कूस बदलून स्वयंपाकघरात निघून गेली.

मृणूला सांगायचं उरलं होतं. दुपारी तिने फोन लावला आणि सगळं सांगितलं, काहीच हातचं न राखता.

“म्हणजे माझ्याशी चार महिने…”

“घर बोलत होतं.”

“आई, काहीतरीच काय. त्यांनी मला नांद्र्याच्या विहिरीची गोष्ट सांगितली. माझ्या सायकलची सांगितली.”

“तुझ्या लहानपणी फोनवर सांगितलेल्याच आहेत त्या. रेकॉर्डिंग होतं.”

मग बारीक आवाजात प्रश्न आला. “मग त्यांचा राग गेला होता का नाही?”

“मला माहीत नाही, बाळा.”

“मी बोलायचे तेव्हा अकरा नंबरवर काही यायचं का?”

सारिकाने ते पाहिलं होतं. रविवारी संध्याकाळी पाच वाजता दर वेळी अकरावर भरपूर ताण होते. एक, दोन, एक, तीन, पाच, कशाचा कशाला मेळ नाही. तो चिडून ओरडत होता की लेकीला काहीतरी सांगायला तडफडत होता, हे समजायला त्यांच्यात कुठलीच खूण ठरलेली नव्हती.

“यायचं,” ती म्हणाली. “खूप यायचं.”

मृणूने फोन ठेवला.

रविवारी सारिका अजितच्या तळपायांना तेल लावत बसली होती. बरोबर पाचला उशाशी स्पीकरचा हिरवा ठिपका लागला. तिने काही चालू केलं नव्हतं. पडद्यावर पाहिलं, तर अकरा नंबरची सपाट रेघ निघून गेली होती आणि एक ते सोळा सगळीकडे पुन्हा खुणा लागल्या होत्या. हॅम्बुर्गहून.

“आई, बंद करू नको,” मृणूचा आवाज आला. रडून रडून घोगरा झालेला. “मला माहितेय ते कोण आहे. दहाच मिनिटं. प्लीज आई, मला राहवत नाहीय.”

दुधाची तहान ताकावर भागवणारी लेक. तिला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? कंट्रोलरच्या दोन वायरी उपटायला दोन सेकंद लागले असते. सारिका उठली, कंट्रोलरपर्यंत गेलीसुद्धा.

“काय गं मृणू, जेवलीस का?” स्पीकर म्हणाला. “तिकडं गारठा असंल की. स्वेटर घाल, नाहीतर बसशील शिंकत.”

“जेवले बाबा,” मृणू म्हणाली आणि हुंदक्यातच हसली.

कंट्रोलरवरचा हात सारिकाने मागे घेतला. खाटेवर तो पडला होता, मिटल्या डोळ्यांनी, सगळं ऐकत. ती धावत त्याच्या उशाशी आली. स्पीकर एकच होता, त्यातून लेकीचाही आवाज येत होता आणि त्याचाही. एक अडवला तर दुसराही अडणार होता. ती क्षणभर घुटमळली. मग तिने तेलाने माखलेले दोन्ही तळवे अजितच्या कानांवर घट्ट दाबून धरले, आणि घर सायकलची गोष्ट सांगून संपेपर्यंत तशीच वाकून उभी राहिली.